शुक्रवारचं भांडण

"बोलू द्या त्यांना. मोकळं होऊ द्या," बिर्गिटबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. तेव्हा स्तोयाननं खुर्ची डोक्याच्या वर उचलली होती.

"बाई, तो बोलत नाहीये. तो खुर्ची फेकतोय," मी म्हणालो.

"तेही एक प्रकारचं बोलणंच आहे."

स्तोयान साठीचा होता, दाराच्या चौकटीएवढा रुंद. समोर रासेमा उभी होती. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. हात कमरेवर ठेवून ती म्हणत होती, "फेक! तुझ्या लोकांना दुसरं येतं काय?"

दुभाष्या सेनादनं हे इंग्रजीत सांगितलं. बिर्गिटबाईंनी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर हिरव्या पेननं लिहिलं : 'राग'. खाली एक रेघ मारली. स्तोयाननं खुर्ची हळूच खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि सँडविच घेतलं.

ही गोष्ट बॉस्नियातली. तिथलं युद्ध संपून पाचेक वर्षं झाली होती. भारतातून काही पोलीस अधिकारी तिथल्या आंतरराष्ट्रीय पथकात पाठवले जात होते, त्यांत माझाही नंबर लागला. मी त्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या एका संवेदनशील म्हणवल्या जाणाऱ्या गावात निरीक्षक होतो. सणासुदीच्या आधी तिथं शांतता समितीची बैठक व्हायची. दोन्हीकडची वजनदार माणसं यायची, एकमेकांना हार घालायची, चहा आणि शिरा व्हायचा, फोटो निघायचा. अर्जात मी एवढंच लिहिलं होतं की अशा बैठका भरवल्या आहेत. तिकडे पोचलो तर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेलं होतं : 'बोरस्ते, सामुदायिक संवाद-तज्ज्ञ'. मी ते चार वेळा वाचलं आणि गप्प बसलो. तज्ज्ञ माणसानं फार बोलू नये, एवढं मला कळत होतं.

मला लिपोवित्सा नावाच्या गावाला पाठवलं. गाव एकच, पण मधून नदी. वरच्या अंगाला सर्ब, खालच्या अंगाला मुसलमान. युद्धाआधी दोन्हीकडची माणसं एकाच शाळेत शिकलेली, एकाच सॉ मिलमध्ये राबलेली. युद्धात खालचं गाव जळलं, मधला पूल उडवला गेला, जी माणसं वाचली ती पळाली. आता ती थोडी थोडी परत येत होती, काळवंडलेल्या भिंतींवर नवी कौलं चढवत होती. ती परत यावीत, आणि आल्यावर कुणी कुणाचा गळा धरू नये, म्हणून तिथं एक संवाद प्रकल्प सुरू केलेला होता. त्याच्या प्रमुख बिर्गिटबाई. डेन्मार्कच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. बाई मनानं अतिशय चांगली. दोन हिवाळे त्या गळक्या शाळेत राहिल्या होत्या आणि एकदाही कुरकुरल्या नव्हत्या. त्यांचा फक्त एवढाच विश्वास होता की माणसांना गोल करून बसवलं आणि मनातलं बोलायला लावलं, की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो.

तर दर शुक्रवारी आम्ही गोल करून बसायचो.

पहिल्या बैठकीत बाईंनी एक गुळगुळीत दगड आणला होता. ज्याच्या हातात दगड असेल त्यानंच बोलायचं. स्तोयाननं तो हातात घेऊन वजन बघितलं आणि रासेमाकडे पाहिलं. पुढच्या शुक्रवारपासून दगडाच्या जागी स्पंजचा चेंडू आला.

भाषेचीही गंमत होती. दोन्ही गावांची बोली तीच. आमच्याकडे नाशिक आणि जळगावच्या बोलीत जेवढा फरक असेल, तेवढाही नाही. पण युद्धानंतर एकीचं नाव सर्बियन आणि दुसरीचं बॉस्नियन ठरलं होतं, त्यामुळे दुभाषे दोन. सर्बियनसाठी दुश्का, बॉस्नियनसाठी सेनाद. स्तोयान बोलला की दुश्का ते इंग्रजीत सांगायची. मग सेनाद तेच इंग्रजीतून बॉस्नियनमध्ये करायचा आणि रासेमाला सांगायचा. जे तिनं समोर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असायचं, ते ती मान डोलावत पुन्हा ऐकायची आणि नव्यानं चिडायची. कॉफीचीही दोन भांडी होती. एकावर 'सर्बियन', दुसऱ्यावर 'बॉस्नियन'. भरताना मी पाहिलंय, किटली एकच होती.

भांडणाचा विषय त्या वर्षी पूल हा होता. परदेशी इंजिनिअरांनी नदीवर लोखंडी सांगाडा उभा केला होता, वर लाकडी फळ्या बसवायच्या होत्या. प्रश्न होता नावाचा. वरच्या गावाला त्यांच्या संताचं नाव हवं होतं, खालच्या गावाला तो मूळ बांधणाऱ्या कुणा बेगचं, म्हणजे जुन्या तुर्की सरदाराचं. सगळा हिवाळा त्यावर गेला. शेवटी एकमतानं ठरलं की पुलाचं नाव 'पूल' असावं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला मिठीच मारली.

माझ्या मनात मात्र एक शंका घोळत होती. पोलीस खात्यात आयुष्य गेलेल्या माणसानं भांडणं भरपूर बघितलेली असतात. नळावरची, बांधावरची, वाटणीची. खऱ्या भांडणात कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. दोघंही एकदम बोलतात, मागचं-पुढचं सगळं एकात एक मिसळतं. आणि ही दोघं? स्तोयान एक शिवी द्यायचा आणि दुश्काचं भाषांतर होईपर्यंत थांबायचा. रासेमा सेनादचं ऐकून घ्यायची, मग टेबलावर हात आपटायची. एकदा स्तोयानला काहीतरी आठवेना. तो अडखळला. तर रासेमानं हळूच ओठ हलवल्यासारखं मला वाटलं. लगेच त्याची गाडी पुन्हा रुळावर आली आणि तो तिच्या सात पिढ्यांवर घसरला.

मी हे बाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते एकमेकांचं ऐकायला शिकले आहेत. हेच तर आपलं यश!"

वसंत ऋतू सुरू झाला आणि फळ्या बसल्या. त्या शुक्रवारी बाई फार खुशीत आल्या होत्या.

"एक आनंदाची बातमी," त्या म्हणाल्या. "पुलाच्या उद्घाटनाला दोन्ही बाजूंचे मोठे नेते येणार आहेत. वरच्या बाजूनं तुमचे, खालच्या बाजूनं तुमचे. दोघं पुलाच्या मधोमध भेटून हात मिळवतील. ऐतिहासिक क्षण असेल तो!"

दुश्कानं भाषांतर केलं. सेनादनं भाषांतर केलं. स्तोयाननं हातातला स्पंजचा चेंडू टेबलावर ठेवला. रासेमा खिडकीबाहेर बघत राहिली. एवढ्या बैठकांत पहिल्यांदाच दोघांपैकी एकालाही शिवी सुचेना.

बाईंनी कागदावर लिहिलं : 'स्वीकार'.

दुसऱ्या दिवशी रासेमा माझ्या चौकीत आली. चौकी म्हणजे रस्त्याच्या वळणावर उभा केलेला एक पत्र्याचा डबा आणि बाहेर आमची पांढरी जीप. दुश्का तिथंच होती. कुठली भाषा आहे याची फिकीर न करता ती भाषांतर करू लागली.

"इन्स्पेक्टर, हा समारंभ बंद करा."

"का?"

"नेता एकटा येत नाही. शहरातून तीन-चार बसगाड्या भरून पोरं आणतो. झेंडे, बाटल्या, गाणी. आणि आमच्यावाला आला तर तोही तेच आणणार. त्यांना काय, बोलून संध्याकाळी घरी जातील. इथं आम्ही राहतो."

"पोलीस बंदोबस्त असेल ना."

तिनं माझ्याकडे, मग पत्र्याच्या डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या वेळीही सगळं भाषणापासूनच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "शाळेच्या मैदानात. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या. वक्ता चांगला होता. पुढच्या महिन्यात माझं घर जळलं आणि नवऱ्याला, मेहोला, जंगलाकडे चालवत नेलं. अजून त्याचा ठावठिकाणा नाही."

ती गेली. तासाभरानं स्तोयान आला. टोपी हातात, दारातच उभा.

"बोरिस," तो म्हणाला. बोरस्ते त्याला कधी जमलं नाही. "तो पाहुणा येऊ नये, असं काही करता येईल का?"

"तुमचाच नेता आहे."

"म्हणूनच सांगतो. आमच्या पोरांची डोकी आत्ता कुठं थंड होतायत. एक पोरगा तर खालच्या गावात कौलं बसवायच्या कामाला जातो, मजुरी मिळते. हा येऊन तासभर बोलेल आणि तो पोरगा परत खाली जायचा नाही. गेलाच तर कौलं बसवायला जाणार नाही."

मी दोघांचं म्हणणं बाईंपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "भीती वाटणं स्वाभाविक आहे," त्या म्हणाल्या. "पण भीतीला सामोरं गेल्याशिवाय संवाद पूर्ण होत नाही. शिवाय तीन देशांचे राजदूत येतायत, टीव्हीवाले येतायत. आता मागे फिरता येणार नाही, इन्स्पेक्टर."

मी वरिष्ठांना वायरलेसवर जादा कुमक मागितली. मागणीचा विचार सुरू आहे, असं उत्तर आलं. हे वाक्य मी मराठीत इतक्या वेळा ऐकलं होतं की परदेशी आल्याचं क्षणभर विसरलो.

समारंभाच्या दिवशी नदीवर दाट धुकं होतं. मी सकाळीच जीप घेऊन पुलावर गेलो. बाई आधीच पोचल्या होत्या. निळा कोट, हातात चांदीच्या ताटलीत कात्री, बाजूला सेनाद रेशमी फीत घेऊन उभा. पण बाई पुलाकडे पाठ करून नाही, तोंड करून उभ्या होत्या आणि हलत नव्हत्या. मी पुढे जाऊन बघितलं.

पुलाला फळ्या नव्हत्या.

सांगाडा होता, कठडे होते, कठड्यांना आदल्या दिवशी बांधलेले कागदी झेंडेही होते. मधली जमीन तेवढी गायब. खालून वितळलेल्या बर्फाचं पाणी गर्जत चाललं होतं.

"फळ्या कुठं गेल्या?" बाईंनी विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

मला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. वरच्या बाजूनं बसगाड्या आल्या. रासेमा म्हणाली होती तशाच. झेंडे, गाणी, सकाळीच प्यायलेली पोरं. थोड्या वेळानं खालच्या काठावर दुसऱ्या बसगाड्या आल्या. झेंडे वेगळे, गाणी वेगळी, पोरं तीच म्हणावीत अशी. दोन्ही घोळके पुलाच्या दोन टोकांना धावत आले आणि लोखंडापाशी थबकले. पुढे जायला जागा नाही. वळसा घालून यायचं तर रस्ता डोंगरामागून, तिथं आमचं नाकं. नदीला वर बांधापाशी पायी ओलांडता येईल असा उतार होता, पण तो गावकऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता, आणि गावकऱ्यांनी त्या दिवशी परक्याला चकार शब्द सांगितला नाही.

मग फेकाफेक सुरू झाली. बाटल्या निघाल्या त्या नदीच्या मध्यावर पोचून पाण्यात पडल्या. दगडांचंही तेच. एका पोरानं फारच जोर लावला तर त्याचा बूट गेला. शिव्या दिल्या जात होत्या, पण नदीच्या आवाजात पलीकडे काही ऐकू जात नव्हतं. दोन्हीकडची पोरं कानाला हात लावून 'काय म्हणालास?' अशा खुणा करू लागली.

तेवढ्यात वरच्या टोकाला स्तोयान आला आणि खालच्या टोकाला रासेमा. नदीच्या आवाजावर आवाज चढवून त्या दोघांनी त्या दिवशी जे भांडण केलं, तसं मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"चोरट्यांनो!" स्तोयान ओरडला. "फळ्या चोरल्यात!"

"तुम्हीच चोरल्या!" रासेमा किंचाळली. "आमच्याकडे यायला लागू नये म्हणून!"

स्तोयाननं टोपी जमिनीवर आपटली. रासेमानं एक चप्पल काढून नदीत भिरकावली. मधे भाषांतर कुणी करत नव्हतं, तरी दोघंही एकमेकांच्या पाळीची वाट बघत होते. दोन्ही घोळके खूश झाले. आपल्यापेक्षा जोरात भांडणारं माणूस आपल्यासाठी उभं आहे म्हटल्यावर पोरांना करायला काही उरलं नाही. ती टाळ्या वाजवू लागली.

मग नेते आले. वरच्यानं पलीकडच्यांच्या नीचपणावर आपल्या काठावर भाषण केलं. खालच्यानं त्याच विषयावर आपल्या काठावर. दोघांनी मुलाखती दिल्या. हात मिळवावा लागला नाही याचं दोघांनाही किती बरं वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. जेवणाच्या वेळेला बसगाड्या आल्या तशा गेल्या. दवाखान्यात न्यावं लागलेला माणूस एकच. बूट गेलेला पोरगा, पायात काच घुसली होती.

बाई पुलाच्या टोकाशी गवतावर बसल्या होत्या. कात्रीची ताटली मांडीवर.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं, आणि एक पूलसुद्धा त्यांना एकमेकांसाठी ठेवता आला नाही. मी हरले, इन्स्पेक्टर."

माझ्याकडे तपास आला. मी पुलाच्या लोखंडावर वाकून बघितलं. फळ्या कुणी उचकटल्या नव्हत्या. एकूण एक नट व्यवस्थित पान्यानं सोडवलेला, आणि तिथंच कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेला. वरच्या टोकाकडच्या पुरचुंड्या जुन्या लष्करी शर्टाच्या. खालच्या टोकाकडच्या फुलाफुलांच्या रुमालाच्या. दोन्ही प्रकार मधोमध येऊन भेटत होते. चोरी करताना नट जपून ठेवणारा चोर मी नोकरीत पाहिलेला नव्हता.

दुश्काला घेऊन मी स्तोयानच्या सॉ मिलवर गेलो. मिल वरच्या काठावर, बांधाजवळ. दार ढकललं. आत भुशाचा वास, आणि भिंतीला लावून नीट रचलेल्या पुलाच्या फळ्या. प्रत्येकीवर खडूनं आकडा घातलेला, परत बसवताना घोळ होऊ नये म्हणून. करवतीशेजारी एका ओंडक्यावर रासेमा बसली होती. एक पाय अनवाणी. तिच्यासमोर स्तोयान कॉफी ओतत होता.

मला बघून दोघंही दचकले. आणि माझ्या देखत, केवळ सवयीनं, स्तोयान तिच्यावर ओरडायला लागला.

"राहू दे," रासेमा त्याला म्हणाली. "त्यानं पाहिलंय."

स्तोयाननं खांदे पाडले आणि मला एक ओंडका पुढे सरकवला. तिसरा कप काढला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या हिवाळ्यापासून," रासेमा म्हणाली. "दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत बाई म्हणाल्या, तुमची प्रगती फार छान आहे, असंच राहिलं तर उन्हाळ्यात आम्ही निघू. मी घरी जाऊन विचार केला. त्या निघाल्या की तुमची जीप निघणार. जीप निघाली की परत येणारी माणसं यायची थांबणार. माझ्या शेजारणीनं तर विचारलंच होतं, जीप आहे ना? मग मी उतार ओलांडून याच्याकडे आले. म्हटलं, स्तोयान, आपल्याला भांडावं लागेल."

"मलाही ते बरं पडत होतं," स्तोयान म्हणाला. "जीप असली की आमच्यातलेही काहीजण जरा दबून असतात. तुला माहीत नाही, बोरिस, इथं कोण कोण राहतं ते."

"म्हणजे दर शुक्रवारचं भांडण—"

"गुरुवारी ठरायचं. इथं बसून. यानं काय म्हणायचं, मी काय म्हणायचं. खुर्चीची कल्पना याची. मी नको म्हणत होते, शाळेची खुर्ची मोडली असती."

दुश्का भाषांतर करता करता थांबली. ती हसत होती की रडत होती, कळेना. दोन वर्षं तिनं इमानेइतबारे त्या शिव्या इंग्रजीत नेल्या होत्या.

मलाही हसू आलं. मी म्हणालो, "मग बाईंना सांगू या की! त्यांना वाटतंय त्या हरल्या. तुम्ही दोघं तर चांगले मित्र झालात."

रासेमाचा चेहरा एकदम बदलला.

"मित्र?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं? इन्स्पेक्टर, दर गुरुवारी मी इथं येते आणि आधी एकच गोष्ट विचारते. मेहोला कुठं पुरलंय? या मिलच्या खिडकीवरून नेलं होतं त्याला. हा आत होता. हा म्हणतो, मला माहीत नाही. मग मी कॉफी पिते आणि आम्ही भांडण ठरवतो. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा विचारते."

मी स्तोयानकडे पाहिलं. तो करवतीच्या दात्यांवरचा भुसा बोटानं काढत होता. बराच वेळ काढत राहिला. रासेमानं कप उपडा केला, उरलेली चप्पल हातात घेतली आणि उताराकडे निघून गेली.

माझ्या तपासाचा निष्कर्ष मी आपल्याकडच्या पद्धतीनं काढला : 'अज्ञात इसमांनी अज्ञात कारणासाठी फळ्या काढल्या, मुद्देमाल सुस्थितीत मिळून आला.' वरिष्ठांनी तो मान्य केला. फळ्या आकड्यांप्रमाणे परत बसल्या.

प्रकल्प मात्र बंद झाला. पैसे देणाऱ्या देशांचं म्हणणं असं पडलं की लिपोवित्सात संवादाला यश येत नाही, तर तो दुसरीकडे करावा. बाईंना मी एकदा आडून आडून सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, फळ्या दोघांनी मिळून काढल्या असतील तर? त्या खिन्न हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार दयाळू आहात." शेवटच्या शुक्रवारी त्यांनी सगळ्यांना एकेक स्पंजचा चेंडू भेट दिला. स्तोयान आणि रासेमा इतक्या जोरात भांडले की बाईंना निरोपाचं भाषण पुरं करता आलं नाही. मला कळत होतं की ती दोघं अजून आशा धरून आहेत. भांडण पुरेसं मोठं झालं तर आम्ही राहू.

आम्ही राहिलो नाही. पुढच्या आठवड्यात चौकी उठवली. पत्र्याचा डबा ट्रकवर चढला, बाई पुढच्या गाडीतून गेल्या. दुश्का आणि मी जीपमधून सगळ्यांत मागे. दुपारपर्यंत मुख्यालयात हजर व्हा, असा हुकूम होता. गुरुवार होता, हे पुलापाशी येईपर्यंत माझ्या लक्षातही नव्हतं.

पुलावर वरच्या बाजूनं स्तोयान येत होता. उन्हात, भर गावादेखत. त्याच्या अंगात कोट होता, धुतलेला शर्ट होता, आणि खांद्यावर एक लाकडी फळी होती. पुलाची नव्हती ती. ओकची, नवी, नुकती रंधा मारलेली. एक टोक निमुळतं आणि दुसऱ्या टोकाला गोलाई दिलेली. तशा फळ्या मी खालच्या गावाच्या कब्रस्तानात पाहिल्या होत्या, उशाशी रोवलेल्या.

वरच्या गावात खिडक्या उघडल्या. दोन-तीन बाप्ये अंगणात येऊन उभे राहिले, हाताच्या घड्या घालून. स्तोयाननं मागे वळून पाहिलं नाही. खालच्या टोकाला रासेमा उभी होती. तिनं फळी बघितली. ती पुलावर चढली. स्तोयान तिच्यापर्यंत आला, वळला आणि आल्या वाटेनं पुढे चालू लागला. ती दोन पावलं मागून. वरच्या गावातून, त्या उभ्या राहिलेल्या बाप्यांच्या समोरून, जंगलाच्या वाटेला.

"काय बोलतायत?" मी दुश्काला विचारलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

मी जीप वळवली. पुलाच्या वरच्या टोकाला, त्या बाप्यांना नीट दिसेल अशी आडवी लावली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बॉनेटला टेकून उभा राहिलो. वायरलेस खरखरायला लागला. कुठं आहात, विचारत होते.

"लिपोवित्साच्या पुलावर. जीप बंद पडलीय."

"दुरुस्तीला माणूस पाठवू?"

"नको. होईल आपोआप."

बाप्ये माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. त्यांच्यातला एकजण शेवटी थुंकला आणि आत गेला. मग दुसरा. ऊन डोक्यावरून कलायला लागलं. दुश्कानं जीपमधून पाण्याची बाटली आणून दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

पुष्कळ वेळानं ती दोघं जंगलातून परत येताना दिसली. स्तोयानच्या खांद्यावर फळी नव्हती, आणि हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. रासेमाच्या डोक्याला रुमाल नव्हता. तिचे केस सगळे पांढरे होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.